सगळेच हाइनरिश

गेल्या शनिवारी घरी बाळाच्या नावाचा विषय निघाला. मुलगा झाला तर माझ्या आजोबांचं नाव ठेवायचं, हा आईचा हट्ट. "मग त्या नावाने हाक मारून त्याला रागवायचं कसं?" हा बायकोचा (रास्त) प्रश्न. मी लॅपटॉप घेऊन आतल्या खोलीत सटकलो आणि भटकत भटकत पोचलो थेट जर्मनीतल्या रॉइस घराण्यापाशी.

थुरिंगियातल्या ग्राइत्स, गेरा, श्लाइत्स या भागावर १९१८ पर्यंत यांचं राज्य होतं. बाराव्या शतकातल्या सम्राट सहाव्या हाइनरिशच्या सन्मानार्थ घरातल्या प्रत्येक मुलाचं नाव हाइनरिश. प्रत्येक म्हणजे खरंच प्रत्येक! मग ओळखायचं कसं? नंबराने.

गेराच्या गादीकडचे बाप-लेक ओळीने बघा: ६७वा, त्याचा मुलगा १४वा, त्याचा २७वा, त्याचा ४५वा. मला वाटलं डेटात बग आहे. पण नंबर गादीचा नव्हताच, जन्माचा होता. धाकट्या पातीत कुठल्याही घरी मुलगा झाला की त्याला पुढचा नंबर, मग तो पाळण्यातच गेला तरी. साधारण शतक बदललं की काउंटर पुन्हा एकवर. थोरल्या पातीत मात्र शंभरापर्यंत मोजून मग एक. मुलींना नंबरच नाही! ग्राइत्सच्या २२व्या हाइनरिशला पाच मुली होत्या. त्यातल्या हर्मिनेने १९२२ मध्ये पदच्युत कैसर दुसऱ्या विल्हेल्मशी लग्न केलं.

इथपर्यंत मजा वाटत होती. मग ४५व्यापाशी अडकलो. बापाने १९१८ साली गादी सोडली, त्यामुळे याला राज्य मिळालंच नाही. नाटकांचा मोठा शौकीन माणूस. १९४५ मध्ये सोव्हिएत सैन्याने त्याला पकडून नेलं, तो परत आलाच नाही. १९६२ मध्ये कागदोपत्री मृत ठरवला. तान्ह्या पोरांचेसुद्धा नंबर जपणारं घर, आणि याच्या मृत्यूची तारीखच नाही. हे वाचून बराच वेळ नुसता स्क्रीनकडे बघत बसलो होतो.

राज्य गेलं, १९१९ च्या राज्यघटनेने 'प्रिन्स' हा नुसता आडनावाचा भाग करून टाकला, पण काउंटर चालूच राहिला. डिसेंबर २०२२ मध्ये नव्या शतकातल्या १३व्या हाइनरिशला अटक झाली. सरकार उलथवायचा कट केल्याचा आरोप. २०२४ मध्ये फ्रँकफुर्टला खटला उभा राहिला. घराण्याच्या प्रमुखाने त्याच्यापासून हात झटकले. या प्रमुखाचं नाव? हाइनरिश, १४वा. म्हणजे वर आलेल्या १४व्याशी थेट टक्कर. असो.

बाहेर आलो तर आई आणि बायको अजून तिथेच अडकलेल्या. बाबांनी पेपरातून डोकं वर काढून विचारलं, "आणि मुलगी झाली तर?"