पॉटचे आइस्क्रीम

लहानपणी मे महिन्यात आमच्या घरी पॉटचे आइस्क्रीम होई. बर्फात जाडे मीठ घातले की तो शून्य अंशाच्याही खाली गार होतो, हे बाबांनी हँडल फिरवताफिरवताच शिकवले.

१ मे २०१४ पासून युरोपीय संघाने भारतीय आंब्यावर बंदी घातली. ईलिंग रोडवर हापूसची पेटी दिसेनाशी झाली. मी डब्यातला आमरस, दूध आणि क्रीम एकत्र करून फ्रीजरमध्ये ठेवले. सकाळी दगड!

फोनवर बाबा हसले. "अरे, मधूनमधून ढवळलंस का?"

पुढच्या वेळी मुलीने आणि मी दर अर्ध्या तासाने आळीपाळीने ढवळले. बर्फाचे खडे मोठे झाले नाहीत.

२०१५ साली बंदी उठली. आता पेटी मिळते, बाबा नाहीत. फ्रीजर उघडून मुलगी विचारते, "बाबा, ढवळलंस का?"