खर्ड्याची मुले कोठे होती?

आमच्या खर्ड्याचे नाव इतिहासात आले ते एका लढाईमुळे. निंबाळकरांनी बांधलेला भुईकोट किल्ला गावाजवळ आजही उभा आहे. ११ मार्च १७९५ रोजी याच परिसरात मराठे आणि निजाम यांची गाठ पडली. रात्री निजाम अलीने या किल्ल्याचा आसरा घेतला, मराठ्यांनी वेढा दिला, आत पाण्याचे हाल झाले आणि निजामास तह करावा लागला. पाठ्यपुस्तकात हा प्रसंग वर्षाच्या अखेरीस येई; परंतु गाव आमचे, म्हणून इतिहासाच्या तासाचा आरंभ मी त्यापासूनच करीत असे. फळ्यावर खडूने किल्ला काढावा, नाना फडणीस, परशुरामभाऊ पटवर्धन, दौलतराव शिंदे अशी नावे मोठ्याने उच्चारावीत, यात मला मोठा आनंद वाटे.

१९९९ सालच्या जूनमधील गोष्ट. सातवीच्या वर्गात मी असाच रंगून बोलत होतो. मागल्या बाकावरची एक मुलगी उभी राहिली आणि म्हणाली, "गुरुजी, तेव्हा आपल्या गावची लहान पोरं कुठं होती हो?"

वर्ग हसला. मीही हसलो, आणि म्हणालो, "ते पुस्तकात नाही. बस खाली."

ती बसली. मधल्या सुटीत आमच्या शिपायाने सांगितले, की तिचे वडील फौजेत असून त्या वेळी कारगिलच्या बाजूला होते. तोफांच्या माऱ्यामुळे तिकडची गावे ओस पडत होती, माणसे मुलाबाळांसह घरे सोडून जात होती, हे आम्ही सारे रोज रेडिओवर ऐकत होतो. ती मुलगीही ऐकत असावी. तिचा प्रश्न १७९५ सालापुरता नव्हता. आणि मी तिला खाली बसविले होते.

त्या रात्री मला झोप आली नाही. इतकी वर्षे शिकविलेली ती लढाई मी पुन्हा मनाशी उलगडू लागलो. जिच्यात विजय मिळाला म्हणून आम्ही छाती फुगवितो, त्या लढाईचे पेशवे सवाई माधवराव अवघ्या एकवीस वर्षांच्या आतले होते. त्यांचा जन्म होण्यापूर्वीच त्यांच्या वडिलांचा, नारायणरावांचा, शनिवारवाड्यात खून झाला होता. अवघ्या चाळीस दिवसांचे असताना त्यांना पेशवाईची वस्त्रे मिळाली. पेशवा असो वा कुणब्याचा पोर, मोठ्यांची भांडणे लहानांच्या अंगावर येतातच. हे मला ठाऊक होते. परंतु वर्गात मी ते कधी बोललो नव्हतो.

त्याच वर्षी डिसेंबरात आम्ही मुलांची सहल कोल्हापुरास नेली. अंबाबाईचे दर्शन झाले, रंकाळा झाला, आणि विसाव्यासाठी महावीर उद्यानात थांबलो. तेथे पोलंड देशाच्या निर्वासितांनी कोल्हापूरविषयीच्या कृतज्ञतेपोटी उभारलेले एक स्मारक आहे. पोलंड कोठे, कोल्हापूर कोठे! मुले कोड्यात पडली. जवळच बसलेले एक वृद्ध गृहस्थ आपण होऊन सांगू लागले. त्यांचे वडील वळिवड्याच्या छावणीत भाजी विकावयास नेत असत आणि पोलिश भाषेतले आकडे त्यांना पाठ झाले होते. "तिथं त्यांची शाळा होती, दवाखाना होता, देऊळ होतं. पोरं पंचगंगेत पोहायची," ते म्हणाले.

पुढे या विषयावर मिळेल ते मी वाचीत गेलो. १९३९ साली जर्मनी आणि रशिया या दोघांनी पोलंड वाटून घेतला. पूर्वेकडील लाखो माणसांना रशियनांनी आगगाड्यांत कोंबून सैबेरिया व कझाकस्तानकडे नेले. १९४१ मध्ये त्यांची सुटका झाली; पण तोवर भुकेने आणि रोगराईने कित्येक मुले आईबापांना मुकली होती. पुरुष सैन्यात गेले. बायकामुले कास्पियन समुद्र ओलांडून इराणात आली. आता यांना ठेवावयाचे कोठे? नवानगरच्या जामसाहेबांनी, दिग्विजयसिंहजींनी, १९४२ साली बालाचडी येथे पोरक्या मुलांसाठी वसतिस्थान उभे केले. मुले त्यांना 'बापू' म्हणत. कोल्हापूर संस्थानात वळिवड्यास १९४३ पासून १९४८ पर्यंत सुमारे पाच हजार माणसे राहिली, त्यांत बहुतेक स्त्रिया आणि मुलेच होती. क्षयाची बाधा झालेल्या मुलांसाठी पाचगणीस वेगळी सोय होती.

माझे मन मात्र त्यांच्या शाळांपाशी रेंगाळते. मी शिक्षक, हा माझा पक्षपात समजा. ज्यांचे घर गेले, देश गेला, त्यांच्यासाठी तेथे बालवाडीपासून माध्यमिक शाळेपर्यंत सारे काही चालू झाले. पुस्तके अपुरी होती. तरी मुले स्वतःच्या भाषेत शिकली, बालवीर पथकांत कूच करू लागली, सणांना आपली नृत्ये करू लागली. भाकर आणि छप्पर दिले म्हणजे मूल जगते खरे. पण सकाळी उठून कोठे जावयाचे हे त्याला ठाऊक असले, म्हणजे ते पुन्हा मूल होते.

यातील काहीही कायद्याच्या धाकाने झालेले नव्हते. युद्धात पोरक्या झालेल्या पंधरा वर्षांखालील मुलांना वाऱ्यावर सोडू नये, त्यांचे शिक्षण चालू ठेवावे, हा जिनीव्हा येथील करार १९४९ सालचा. लहानग्यांची ओळख हरवू नये म्हणून त्यांच्या अंगावर नावाचा बिल्ला असावा, असेही त्यात सुचविले आहे. बालहक्कांचा करार १९८९ साली झाला आणि भारताने तो १९९२ मध्ये स्वीकारला. वळिवड्याची शाळा त्याहून जुनी.

त्या दिवशी आम्ही वळिवड्यासही गेलो. पोलिश लोक गेल्यावर तेथे फाळणीने बेघर झालेली सिंधी कुटुंबे आली आणि त्या वस्तीचे गांधीनगर झाले. आज ती कापडाची मोठी पेठ आहे. मुलांना तेथे पाहण्यासारखे काही सापडेना. दोघाचौघांनी रुमाल मात्र विकत घेतले.

परतताना ती मुलगी माझ्याशेजारी येऊन बसली. तिचे वडील दिवाळीत सुखरूप घरी येऊन गेले होते. बराच वेळ ती खिडकीबाहेर पाहत होती. मग म्हणाली, "गुरुजी, म्हणजे तिथं शाळा भरत होती."

"हो, रोज भरत होती."

"मग घंटा कोण वाजवायचं?"

बसमध्ये बहुतेक मुले झोपली होती. मी म्हणालो, "ते मला ठाऊक नाही, बाळ. आणि त्या दिवशी तू वर्गात विचारलेस, तेही मला ठाऊक नव्हते."

"मला वाटतं, पेवात लपली असतील," ती म्हणाली, "नाहीतर मामाच्या गावी गेली असतील," आणि आपल्या वहीत काहीतरी लिहू लागली.