वाघ मोजून काय मिळतं, अक्का?

ती. सौ. अक्कास,


परवा फोनवर बोलत तू होतीस, पण शब्द दाजींचे होते. "वाघ मोजून कुणाचं पोट भरलंय?" हा प्रश्न तुझा असूच शकत नाही. फोनवर तुम्ही दोघं मिळून मला गप्प बसवता, म्हणून लिहितोय. आणि छापायलाही देतोय, कारण लातूर-नांदेडात अशा अक्का आणि असे दाजी घरोघरी आहेत. ट्यूशन एरियात दोन वर्षं काढलेल्या तुझ्या पोरीनं डॉक्टरकीची 'नीट' परीक्षा सोडून प्राणिशास्त्र घ्यावं आणि वर आता जंगलात जायचं म्हणावं, हे लातूर पॅटर्नच्या गावात पचायला जडच जातं. तरी ऐक.

२०१९ च्या फेब्रुवारीत यवतमाळच्या टिपेश्वर अभयारण्यात डेहराडूनच्या भारतीय वन्यजीव संस्थेच्या लोकांनी एका तरुण वाघाच्या गळ्यात पट्टा बांधला. अभयारण्य दीडशे चौरस किलोमीटरही नाही आणि वाघ वाढत चाललेले. जून महिन्यात हा गडी बाहेर पडला. आदिलाबाद, अंबाडी घाट, आपलं किनवट, पैनगंगेचं जंगल, मग इसापूर, हिंगोली, वाशिम, अकोला करत डिसेंबरात तो बुलडाण्याच्या ज्ञानगंगा अभयारण्यात पोचला. पाच महिन्यांत १,३०० किलोमीटर. पुढच्या वर्षी पट्टा काढेपर्यंत हा आकडा ३,००० च्या वर गेला. मी तेव्हा नोकरीमुळे किनवटलाच होतो. तो आमच्या आसपासच्या रानातून गेला आणि बाजारात त्याची कुजबुजसुद्धा नव्हती. दिवसा ओढ्याच्या झाडीत नाहीतर उभ्या पिकात पडून राहायचं आणि अंधार पडला की चालायचं, असा त्याचा रिवाज. हे कुणी डोळ्यांनी पाहिलेलं नाही. पट्टा तासातासाला त्याची जागा कळवत होता, म्हणून कळलं.

दाजी म्हणतील, कळलं तर कळलं, पुढे काय? पुढे हे, की वाघ अभयारण्याच्या कुंपणात राहत नाही, तो आपल्या शेताशिवारातून जातो, हे आता नकाशावर दाखवता येतं. रस्ता रुंद करायला निघालेल्या अधिकाऱ्यापुढे "इथून जनावरं जातात हो" एवढं म्हणून भागत नाही. कुठून, कधी, किती वेळा, हे मांडावं लागतं. नागपूरच्या वर पेंचच्या जंगलातून राष्ट्रीय महामार्ग ४४ जातो. तिथे जनावरांसाठी रस्त्याखालून नऊ वाटा सोडल्यात. त्या बांधून झाल्यावर वन्यजीव संस्थेनं तिथे कॅमेरे लावले, तेव्हा हरणं, रानडुकरं, कोळसुंदे आणि वाघसुद्धा त्यांतून ये-जा करताना दिसले. ते पाहिल्याशिवाय पुढच्या रस्त्यासाठी असा खर्च कोण मंजूर करणार होतं?

आणि मोजणी खोटी असेल तर काय होतं, तेही सांगतो. पूर्वी वाघ पंज्याच्या ठशांवरून मोजत. काचेवर ठसा गिरवायचा आणि कागदावर उतरवायचा. राजस्थानात सरिस्काला वर्षानुवर्षं तसेच वाघ नोंदवले गेले. २००५ साली उघड झालं की वाघ फक्त कागदावर उरलेत, जंगलात एकही नाही. शिकाऱ्यांनी सगळे संपवले होते. त्यानंतर देशभरच्या गणनेची पद्धत बदलली. आता कॅमेरे लावतात, माणसाच्या गुडघ्याएवढ्या उंचीवर, पायवाटेच्या दोन्ही बाजूंना समोरासमोर. समोरासमोर का, तर वाघाच्या डाव्या कुशीवरचे पट्टे उजव्या कुशीवर तसेच नसतात. एका बाजूचा फोटो असला आणि दुसऱ्या बाजूचा नसला तर एकच वाघ दोनदा मोजला जायचा. अंगठ्याच्या ठशासारखे आहेत हे पट्टे, एका वाघाचे दुसऱ्याशी जुळत नाहीत. भद्रा-नागरहोळेच्या बाजूला उल्हास कारंत यांनी ही पद्धत १९९० च्या दशकात रुळवली. त्या वेळी त्यांनाही कुणीतरी पोटापाण्याचं विचारलंच असेल.

आता तुमच्या जवळची गोष्ट. २०२४ च्या डिसेंबरात येडशीच्या रामलिंग घाट अभयारण्यात वाघ कॅमेऱ्यात आला. लातूरहून गाडीनं तास-दीड तासावर. तूच मला व्हॉट्सॲपवर पाच वेगवेगळ्या गप्पा पाठवल्या होत्यास. कुणी म्हणे बिबट्याच आहे, कुणी म्हणे कुणीतरी आणून सोडलाय. पट्टे जुन्या फोटोंशी ताडून पाहिल्यावर कळलं की हा टिपेश्वरचा, तरणा नर, सुमारे साडेचारशे किलोमीटर चालत आलेला. येडशीचं अभयारण्य जेमतेम २२ चौरस किलोमीटर. त्यानं गुरं मारली, लोक धास्तावले, त्याला पकडून सह्याद्रीत न्यायचं ठरलं, पथकं आली आणि तो काही हाती लागेना. ज्याची गाय गेली त्याला पट्ट्यांचं शास्त्र सांगू नये, त्याला भरपाई द्यावी, हे मलाही मान्य. पण वाघ आला कुठून आणि त्याला जायचं कुठे, हे ठाऊक नसताना केलेला बंदोबस्त म्हणजे नुसती धावपळ. २०२१ मध्ये गौताळ्यालाही टिपेश्वरचाच एक वाघ पोचला होता, तिथे तर ऐंशी वर्षांत वाघ नव्हता. म्हणजे मराठवाड्यात वाघ येत राहणार. येणाऱ्याची ओळख पटवणारी माणसं मात्र आपण पुण्या-नागपूरहून बोलावतो.

पोरीला जंगलाआधी समुद्रावर जायचंय, याचा दाजींना जास्त राग दिसतोय. "लातूरला प्यायला पाणी नाही आणि ही कासवं बघायला निघाली!" वाक्य झकास आहे, बोलताना तेच हसले असतील. पण कोकणातलं काम पाहा. वेळासला २००२ पासून चिपळूणच्या सह्याद्री निसर्गमित्र संस्थेनं गावकऱ्यांना घेऊन ऑलिव्ह रिडले कासवांची घरटी राखली. त्याआधी अंडी लोक खायचे, विकायचे. आता तिथे कासवमित्र पहाटे किनाऱ्यावर फिरतात. वाळूत मादीच्या वल्ह्यासारख्या पायांची खूण दिसली की काठीनं हलकेच चाचपायचं, वाळू भुसभुशीत लागली की हातानं उकरायचं. अंडी शंभरेक असतात. ती न उलटता उचलायची आणि कुंपणातल्या हॅचरीत तेवढ्याच खोल खड्ड्यात ठेवायची, वर तारीख आणि संख्या लिहायची. सुमारे दीड-दोन महिने वाट. नर निघणार की मादी, हे वाळूच्या उबेवर ठरतं.

गुहागरला २०२३ मध्ये दोन माद्यांच्या पाठीवर उपग्रहाला संदेश पाठवणारी यंत्रं बसवली. नावं बागेश्री आणि गुहा. (कासवांचं बारसं करायची ही हौस मला जरा अति वाटते, पण असो.) बागेश्री दक्षिणेला निघाली, श्रीलंकेला वळसा घालून थेट बंगालच्या उपसागरात. मग २०२५ च्या जानेवारीत गुहागरलाच अंडी घालायला आलेल्या एका मादीच्या पायाला धातूचा बिल्ला सापडला. तो ओडिशात २०२१ साली मारलेला होता. पूर्व आणि पश्चिम किनाऱ्याची कासवं वेगळी, ही समजूत त्या बिल्ल्यानं हलवली. म्हणजे ओडिशाच्या ट्रॉलरच्या जाळ्यात गुदमरलेली मादी कदाचित रत्नागिरीच्या किनाऱ्यावर अंडी घालणारी असेल. कासवाला फुफ्फुसं असतात, वर येऊन श्वास घेता आला नाही तर ते पाण्यातच मरतं. जाळ्यातून कासव बाहेर पडेल अशी चौकट न बसवल्याबद्दल अमेरिकेनं आपली समुद्रातली कोळंबी घेणं बंद केलंय, हे दाजींना मुद्दाम सांग. पोटापाण्याचा हिशेब त्यांना लवकर कळतो.

या कामात पैसा कमी आहे. डास आहेत, रात्रीचं जागरण आहे, आणि चार वर्षांपूर्वी कुणीतरी मारलेला बिल्ला आज कुणाच्या तरी हाती लागणार, एवढा धीर धरावा लागतो. तो धीर तुझ्या पोरीत आहे. गच्चीवरच्या चिमण्यांची वही ती सातवीपासून लिहिते, तूच मला दाखवली होतीस.

डेहराडूनला आणि बंगळुरूला वन्यजीवांच्या शिक्षणाच्या जागा मोजक्याच आहेत आणि अर्जाची मुदत संपत आलीय. फीचे पैसे मी पाठवतोय. दाजींना माझा नमस्कार सांग, आणि या आठवड्यात तिला फॉर्म भरू दे.

तुझा,
धाकटा भाऊ
नांदेड