दहा वेळा ओरडून गप्प

"किल माइनस नाइन मारलं तरी मरत नाहीये" असं कुणी फोनवर म्हणालं की बहुतेक वेळा समजायचं, प्रोसेस 'डी' स्टेटमध्ये अडकली. म्हणजे तिने रीड-राइटसारखा सिस्टिम कॉल केला, कर्नलने डिस्कला काम सांगितलं आणि डिस्कने उत्तरच दिलं नाही. पासबुक खिडकीतून आत गेलंय आणि साहेब जेवायला, तसं. गंमत म्हणजे सीपीयू रिकामा, पण लिनक्स या ताटकळलेल्यांनाही लोड ॲव्हरेजमध्ये धरतो, त्यामुळे लोड साठ-सत्तर दिसतो.

खरी गोची लॉगची. आपण प्रोग्रॅममध्ये काय लिहितो? कॉल परत आला की "इतका वेळ लागला". जो परत आलाच नाही, त्याची नोंद कोण करणार? दुसऱ्या कुणीतरी बघत असायला हवं. लिनक्समध्ये त्यासाठी कर्नलचा एक वेगळा थ्रेड असतो. प्रोसेस 120 सेकंद तशीच पडून राहिली की तिचं नाव आणि ती कर्नलमध्ये कुठे अडकली, ते तो लिहितो.

मागे एका क्लायंटकडे रात्री असंच झालं. सकाळी मॅनेजरसाहेबांनी कर्नलचा लॉग दाखवला. 2:10 पासून दहा मेसेज, शेवटचा 2:30चा, पुढे शांतता. "म्हणजे अडीचला सगळं सुरळीत होतं. मग बॅच पुन्हा का नाही चालवली?" रात्रपाळीचा मुलगा, लागून चार महिने झालेला, सांगत होता की सर, काहीही चालवलं तरी लटकत होतं. कुणाचा विश्वास नव्हता.

सर्व्हर रिबूट केला नव्हता, हे नशीब. मी हंग-टास्क-वॉर्निंग्ज हे सेटिंग वाचून दाखवलं. 0. मुळात ते 10 असतं, दर मेसेजला एकने घटतं. शून्य झालं की कर्नल गप्प, प्रोसेस मात्र अडकलेल्याच! ॲप्लिकेशनच्या लॉगमध्येही पुढची ओळ थेट 5:05ची होती.

"बरं, पुढचा मुद्दा," साहेब म्हणाले. सॉरी वगैरे काही नाही. असो.

आम्ही ते सेटिंग -1 केलं, म्हणजे मर्यादाच नाही. कर्नलचा लॉग नेटवर्कवरून दुसऱ्या मशीनवर पाठवायला लागलो, कारण लॉगची फाइल त्याच अडकलेल्या डिस्कवर असेल तर लिहिणार कुठे, कपाळावर? :)

संध्याकाळी तो मुलगा विचारत आला, "सर, -1 रिबूटनंतर टिकतं का?" नाही टिकत. कॉन्फिग फाइलमध्ये लिहावं लागतं. त्यानेच लिहिलं.