गादीखालचं गोणपाट

माणगाव पाहायला गेलो होतो. २१ आणि २२ मार्च १९२० ला तिथल्या परिषदेत शाहू महाराजांनी लोकांना सांगितलं, तुमचा पुढारी तुम्हाला मिळाला. ते हे माणगाव. परतताना कोल्हापूरचा न्यू पॅलेस पाहिला. १८७७ ते १८८४ च्या दरम्यान बांधलेला. खाली संग्रहालय आहे. गाद्यांच्या खुर्च्या, कोच. बसायला मनाई. कोणालाच बसायचं नाही! बामणाले नाही, साहेबाले नाही. मले तं हसूच आलं. मनाई सगळ्यांना सारखी असली म्हणजे तिचा राग येत नाही.

लोक नक्षी पाहत होते. मी सूतगिरणीतला माणूस. माझं ध्यान गादीच्या आत.

आत काय असतं ते मला अमरावतीत समजलं. आमच्या वस्तीत एक कुशनवाला चाचा आहे. रात्रपाळी सुटली की त्याच्याजवळ बसतो. त्यानं एकदा कुठल्याशा वाड्यातला जुना कोच उसवला. वर मखमल. खाली मांजरपाट. मग कापसाचा थर, घोड्याचे केस, काथ्या. त्याच्याखाली स्प्रिंगांना सुतळीनं शिवलेलं गोणपाट. तळाला तागाचे पट्टे. चाचा म्हणे, "मखमल दिखाने को रैती भाऊ, वजन बोरा संभालता."

बोरा! मी गप झालो. साताऱ्याच्या शाळेत लहानग्या भीमाला कोपऱ्यात वेगळं बसवत. बुडाखाली गोणपाटाचा तुकडा. शाळा झाडणारा गडी त्या तुकड्याला हात लावत नसे. म्हणून पोरानं तो संध्याकाळी घरी न्यायचा, सकाळी परत आणायचा. बाबासाहेबांनी स्वतः 'वेटिंग फॉर अ व्हिसा'त हे लिहून ठेवलं आहे. आणि हेच गोणपाट वाड्यावाड्यांतल्या कोचात मखमलीखाली खुशाल चालत होतं. त्याच्यावर बसून कोणी बाटला नाही. दिसतच नव्हतं ना!

महालातल्या पाटीवर राजा असतो, साल असतं. गादी भरणाऱ्याचं नाव मला अजून कुठल्याच पाटीवर वाचायला भेटलं नाही. कापूस वेचणारीचं तर सोडाच. माह्या मायची बोटं पऱ्हाटीच्या बोंडांनी फाटली आहेत, म्हणून मले हे टोचते.

मखमल विरली की नवी चढवतात आणि आतलं सगळं उकिरड्यावर जातं. आता संग्रहालयांतले जाणकार सांगतात, आतलं भरण, टाके, खिळ्यांची भोकं हासुद्धा पुरावा आहे, तो जपा. मला पटलं. आपल्या हातांची खूण राहिली असेल तर त्या टाक्यांतच.

मग आपल्या घरचं काय? नागपूरजवळ चिचोलीच्या शांतिवनात बाबासाहेबांचे कोट आहेत, टाइपरायटर आहे. नानकचंद रत्तूंनी जपलेल्या वस्तू. मित्रांनो, तिथं जाऊन नुसते पाया पडून येऊ नका. कापडावर ऊन येतं काय, भिंतीला ओल आहे काय, कसर लागली काय, पाहा. उन्हानं नुसता रंगच उडत नाही, धागाही मरतो. गिरणीतलं कोणतंही पोरगं सांगेल. वहीत लिहून घ्या. सांभाळणाऱ्यांना विचारा, काय कमी पडते?

माही सुट्टी सोमवारी असते. कोणाले यायचं असंल तं सांगा, अमरावतीहून संगंच निघू.