काचेचा कापूस

गेल्या मे महिन्यात चार दिवसांची सुट्टी टाकून मौद्याला गेलो होतो. प्लॅन एकदम साधा. सकाळी आंबे, दुपारी कूलरसमोर झोप, संध्याकाळी कन्हानच्या पुलापर्यंत चक्कर. घरी पोचलो तर मागच्या खोलीतलं सगळं सामान अंगणात आणि बाबा मिस्त्रीशी हिशोब करत उभे! पावसाळ्याआधी छत नीट करायचं म्हणे. "आलाच आहेस तर लक्ष दे जरा," असं म्हणून बाबा बँकेत निघून गेले. म्हणजे सुट्टीतसुद्धा प्रोजेक्ट मॅनेजमेंट काही सुटलं नाही.

ही मागची खोली म्हणजे आमच्या घरातली थंड खोली. माझ्या जन्माच्याही आधी बाबांनी तिथे सिमेंटच्या पत्र्याखाली प्लायवूडचं सीलिंग ठोकून मध्ये ग्लासवूल भरून घेतला होता. आमच्याकडचा उन्हाळा ज्यांनी काढलाय त्यांना कारण सांगायला नको. ४५ डिग्री ही आमच्याकडे बातमी नसते.

मिस्त्रीच्या हाताखालच्या पोराने पहिली प्लाय ओढली आणि वरून तीसेक वर्षांचा माल खाली आला. कधीकाळचा पिवळा कापूस आता काळपट, त्यात उंदरांच्या लेंड्या, आणि उन्हाच्या तिरिपेत चमचमणारी बारीक धूळ. मी कोव्हिडच्या वेळचा एन-९५ लावून दारात उभा. पोराच्या तोंडाला दुपट्टा आणि अंगात हाफ बाह्यांचा शर्ट. दहा मिनिटांत तो कोपरापर्यंत खाजवायला लागला. मी काय केलं? "सांभाळून रे," म्हणालो. बस्स.

तेवढ्यात शेजारच्या घरातून मोठे बाबा काठी टेकत आले. मोठे बाबा म्हणजे वडिलांचे थोरले भाऊ. उमेदीची वर्षं त्यांनी ठेकेदारांकडे लॅगिंगच्या कामात काढली. बॉयलर, वाफेचे पाइप यांना ऊनरोधक गुंडाळायचं काम. आज मौद्यात एनटीपीसीचं २३२० मेगावॅटचं केंद्र उभं आहे, पण ते येण्याच्या कितीतरी आधी ही कामं शोधत ते बाहेरगावी फिरले.

"काहून बे, कोरडंच ओढून रायले?" ते दारातूनच ओरडले. "पाणी मार पहिले! अन् हा पोट्टा उघड्या हातानं काहून करून रायला?"

काम थांबलं. मग आम्ही तिघं चहा घेत बसलो आणि मी फोनवर वाचत सुटलो.

हा प्रकार बनतो कसा? काच किंवा दगड वितळवायचा आणि फिरत्या चाकावरून त्याचे धागे उडवायचे. जत्रेतल्या 'बुढ्ढी के बाल'सारखंच, फक्त साखरेऐवजी काच. रॉकवूलला तर बेसाल्टसुद्धा चालतो, म्हणजे आपल्या सीताबर्डीच्या टेकडीचा दगड! जाड धागे कातडीत टोचतात, म्हणून खाज. तीन मायक्रॉनपेक्षा बारीक धागे मात्र थेट फुफ्फुसात खोलवर जाऊ शकतात. आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने १९८८ मध्ये हे लोकर प्रकार 'कदाचित कर्करोगकारक' गटात टाकले होते. २००१ मध्ये फेरविचार करून इन्सुलेशनचे ग्लासवूल, रॉकवूल त्यातून बाहेर काढले, कारण माणसांबाबत तेवढा पुरावा मिळाला नाही. तरी जुना माल वेगळा. त्याचे धागे शरीरात लवकर विरघळत नाहीत. जर्मनीने तर असा जुन्या पद्धतीचा माल बनवणं आणि विकणं २००० सालापासून बंदच केलं.

हे वाचून मला जरा हायसं वाटलं. मिस्त्रीने मात्र लगेच कटर प्लगला लावला. दोन पत्रे तडकलेत, कापून टाकतो म्हणाला.

आणि मग माझी ट्यूब पेटली. कापूस नाही, खरा प्रश्न त्याच्या वर होता! जुने सिमेंटचे पत्रे म्हणजे बहुतेक अ‍ॅस्बेस्टॉस. त्याच्या कर्करोगकारक असण्याबद्दल कुणाचंच दुमत नाही, आणि आजार दिसायला वीस-चाळीस वर्षं लागतात. अख्खा पत्रा फारसा त्रास देत नाही. कटर, ड्रिल किंवा हातोडा लावला की धूळ उडते. शिवाय पंख्याच्या हुकासाठी पाडलेल्या भोकांची धूळ इतकी वर्षं त्या कापसावरच पडलेली असणार. नुसतं बघून कळत नाही, लॅबच लागते. म्हणून सगळंच अ‍ॅस्बेस्टॉस समजून वागायचं ठरलं.

बाबा परत आल्यावर थोडं वाजलं. "तीस वर्षं झोपलो त्या खोलीत, काय झालं?" वगैरे. मी एवढंच म्हणालो, की आपण खाली झोपलो, हा पोरगा आत डोकं घालतोय.

दुसऱ्या दिवशी नागपूरहून एफएफपी३ मास्क आणले, कारण अशा धुळीला एन-९५ पुरत नाही. सोबत बंद गॉगल, हातमोजे, पूर्ण बाह्यांचे ढगळ कपडे. तिघांनाही, सारखेच. कापसावर हलकेच पाणी फवारलं, न फाडता गुंडाळला, जाड पिशव्यांत भरून तोंडं बांधली. तडकलेले पत्रे ओले करून, नट पान्याने सोडवून, अख्खेच खाली उतरवले आणि प्लास्टिकमध्ये दुहेरी गुंडाळले. बाकीच्या पत्र्यांना हातच लावला नाही. झाडू बंद, फक्त ओलं फडकं. कामाचे कपडे घरच्या कपड्यांत धुवायचे नाहीत, आणि अंगावर आधी गार पाणी नुसतं ओतायचं, चोळायचं नाही.

संध्याकाळी मोठे बाबा ओट्यावर बसले होते. खोकत होते, नेहमीसारखे. मी विचारलं, "तुम्हाला तेव्हा मास्क देत होते?"

"आमाले कोणी सांगतलंच नाही बापू," ते म्हणाले. "पांढरं राहे ते. पिठासारखं. डब्यातली पोळीबी पांढरी होऊन जाय."

त्या रात्री झोप लागली नाही. १९९५ मध्ये सुप्रीम कोर्टाने अ‍ॅस्बेस्टॉसच्या कारखान्यांना सांगितलं होतं, की प्रत्येक कामगाराच्या तब्येतीची नोंद किमान ४० वर्षं ठेवा. पण ठेकेदार बदलत गावोगाव हिंडलेल्या माणसाची नोंद कोण ठेवणार? ती त्यांच्या खोकल्यातच असेल तर असेल.

असो. खोली आता परत थंड झालीय. पिशव्या आणि दोन पत्रे अजून परसात बांधून ठेवलेत, कारण ते घ्यायला कुणी तयार नाही, आणि शेजारच्यांना कोंबड्यांच्या खुराड्यासाठी मी ते देणार नाही. पुढच्या शनिवारी मोठ्या बाबांना नागपूरला छातीचा एक्स-रे काढायला नेतोय. ते म्हणतात, "आता काय पाहून रायला?" उत्तर माझ्याकडेही नाही. तिकीट मात्र काढलंय.