छापील किमतीच्या खाली

साड्यांचे सेल लागतात, चपलांचे लागतात, दिवाळीच्या तोंडावर तर फ्रीज-टीव्हीवाल्यांना नुसतं उधाण येतं. पण ‘आषाढ सेल, सर्व पाने-पकडींवर घसघशीत सूट’ असा फलक कुणी पाहिलाय का? हत्यारांच्या धंद्याचा स्वभावच उत्सवी नाही. पकडीची फॅशन बदलत नाही आणि हातोडा पुढच्या हंगामात जुना दिसत नाही, तेव्हा तो काढून टाकायची दुकानदारालाही घाई नसते. तरीही हत्यारं स्वस्तात मिळतात, कधी कधी तर विश्वास बसू नये इतक्या स्वस्तात. फक्त कुणी हाक मारून देत नाही, आपण आत शिरून हुडकावी लागतात. मला हा नाद आहे. सराफाच्या दुकानावरून मी मान न वळवता पुढे जाते. हार्डवेअरच्या दुकानावरून जाववत नाही.

पुण्यात या नादाला बोहरी आळीसारखी दुसरी जागा नाही. रविवार पेठेतल्या त्या गल्लीत शिरलं की ताग, ग्रीस आणि नव्या रबराचा मिसळलेला वास येतो. दोरखंडांची वेटोळी, साखळ्या, ताडपत्र्या, चाळण्या, बिजागऱ्या, एकात एक बसवलेली घमेली सगळी निम्म्या रस्त्यावर आलेली असतात, आणि उरलेल्या निम्म्यातून हातगाडीवाले ‘चला, बाजूला, बाजूला’ करत वाट काढतात. दुकानं पुढून चिंचोळी आणि आत खोल. खपाचा माल दर्शनी टांगलेला, त्यामागे फळ्यांवर खोकी, आणि अगदी आत, जिथे दिवसाही बल्ब लावावा लागतो, तिथे जे विकलं जात नाही ते. माझी पावलं तिकडे वळतात. सुरुवातीला गल्ल्यावरचे चाचा विचारायचे, “ताई, मिस्त्रीने काय लिहून दिलंय?” मी म्हणायचे, “मिस्त्री मीच.” ते हसायचे आणि चिठ्ठीची वाट बघत राहायचे. आता विचारत नाहीत. स्टूल पुढे सरकवतात आणि आतल्या पोऱ्याला सांगतात, “ताईंना खालचा खण काढून दे.”

हत्यार आहे तसंच राहतं आणि त्याची किंमत मात्र उतरते, याचं मला पहिल्यापासून कुतूहल. का उतरली, एवढं ओळखायला आलं की बाकी घासाघीस फार करावी लागत नाही. खोकं फाटलं म्हणून उतरते. रिंग पान्यांच्या संचातला एखादा पाना गहाळ झाला म्हणून उतरते; उरलेल्या सगळ्यांचा मिळून भाव इतका खाली येतो की हरवलेला पाना सुटा विकत घेतला तरी पैसे उरतात. मुलाम्यावर डाग पडला म्हणून, कंपनीने मुठीचा रंग बदलला म्हणून, आणि पुष्कळदा मालकाच्या वडिलांनी कधीतरी हौसेने भरलेला माल मुलाला ओळखू येत नाही म्हणूनही उतरते. यातलं एकही कारण पोलादापर्यंत पोचत नाही.

पोचणारी कारणंही असतात, आणि तिथे डोळे उघडे लागतात. गंजाचंच बघा. पान्यावर गंजाची पातळ साय आली असेल तर रॉकेलचा बोळा आणि अर्धा तास, एवढंच तिचं आयुष्य. पण तोच गंज कानशीवर चढला की कानस गेली. कानशीची सगळी किंमत तिच्या बारीक दात्यांच्या टोकांत असते आणि गंज पहिला घास त्या टोकांचाच घेतो. रत्नागिरीत जेके फाइल्सचा कारखाना आहे; तिथली कोरी कानस पुठ्ठ्याच्या वेष्टनात मिळत असताना पावसाळा पिऊन तांबूस झालेली कानस निम्म्या भावात घेणं म्हणजे पैसे टाकणं. उलट पटाशीच्या धारेला खवला पडलेला असेल तर मी ती डोळे मिटून उचलते. कोरी पटाशीसुद्धा घरी आणून दगडावर लावावीच लागते. इथे दोनचार मिनिटं जास्त, इतकंच. आणि वायरमनच्या पकडीची प्लॅस्टिकची मूठ फाटलेली असेल, तर फुकट दिली तरी नको. १००० व्होल्टपर्यंतच्या कामासाठी तपासलेली मूठ ही त्या पकडीची शोभा नसते.

बाकी परीक्षा दुकानात उभ्या उभ्या होतात आणि त्यांना पैसे पडत नाहीत. पकड मिटून उजेडाकडे धरायची. कापायच्या पात्यांमधून उजेडाची रेघ दिसली की ती तारेला नुसती चावेल, तोडणार नाही. हातोड्याचा दांडा खालच्या टोकाकडून बघायचा: लाकडाच्या रेषा हातोड्याच्या तोंडाच्या दिशेने गेलेल्या हव्यात, आडव्या गेल्या असतील तर दांडा कधीतरी त्याच रेषेवर उकलणार. पाणसळ गल्ल्याच्या फळीवर ठेवायची, बुडबुडा कुठे थांबतो ते बघायचं, मग तिथल्या तिथे टोकं उलटी करायची. फळी वाकडी असली तरी चालेल, बुडबुडा दोन्ही वेळा एकाच बाजूला तितकाच सरकला पाहिजे. गुण्याला एक सरळ कड आणि पेन्सिल लागते. कडेला लावून रेघ ओढायची, गुण्या पालथा करून त्याच ठिकाणाहून पुन्हा ओढायची. रेघा एकमेकींवर बसल्या तर काटकोन खरा. फाकल्या तर जेवढ्या फाकल्या त्याच्या निम्मी चूक गुण्याच्या पदरात. चाचांच्या हिशेबाच्या वहीच्या पाठीवर माझ्या अशा कितीतरी रेघा आहेत. त्यांनी एकदा एक बाद ठरलेला गुण्या माझ्यादेखत बाजूला टाकला, आणि मी वळल्यावर परत खुंटीला लावला, हेही मी पाहिलं.

स्क्रू पान्याचा सरकता जबडा बोटाने हलवून बघायचा. किती लुकलुकतो त्यावर सगळं ठरतं. हा पाना ज्या रूपात आज आपण वापरतो, त्याचं पेटंट स्वीडनच्या योहान पेटर योहानसनने १८९२ साली घेतलं आणि पुढे ‘बाहको’ या नावाने तो जगभर गेला. आपल्याकडे १९६९ पासून हत्यारं बनवणाऱ्या टापरियानेही सुरुवात स्वीडिश कंपनीच्या तांत्रिक सहकार्याने केली, आणि तो कारखाना नाशकात, सातपूरला आहे. बोहरी आळीतल्या बल्बखाली धुळकट स्क्रू पाना हातात घेताना स्वीडन ते सातपूर हा प्रवास माझ्या मनात येतो खरा. चाचांच्या मनात छापील किंमत येते.

ती छापील किंमत हाही एक मासलाच. कायद्याने तिच्यावर विकता येत नाही, खाली कितीही विकता येतं, आणि हत्यारांच्या बाबतीत ‘खाली’ला बरीच जागा असते. रोजचा गवंडी, प्लंबर, गॅरेजवाला छापील आकडा बघतच नाही. त्याचा भाव ठरलेला. तो आकडा अधूनमधून येणाऱ्या, एका पडद्यासाठी एक ड्रिल घेणाऱ्या माणसासाठी असतो. कराचीही तीच गंमत. पाना, पकड, हातोडा यांवर १८ टक्के जीएसटी. फावडं, कुदळ, टिकाव, कोयता ही शेतीची अवजारं, म्हणून शून्य. भिंत फोडायला हातोडा घ्याल तर सरकारचा वाटा, टिकाव घ्याल तर नाही. माझ्या ओळखीचे एक गवंडी हा फरक फार गंभीरपणे सांगतात आणि दोन्ही वापरतात.

मॉलमधल्या हत्यारांच्या फळीबद्दल माझं मत चांगलं नाही, पण तिथेही मी जाते. तिथे सगळं संचात. निळ्या पेटीत शंभरावर नग, प्रत्येकाला साच्यातला आपापला खळगा, आणि नगामागे भाव काढला तर चहापेक्षा स्वस्त. मोजून बघावं: निम्म्याहून जास्त नग म्हणजे नखाएवढी बिटं, ज्यांतली तीन आयुष्यभर वापरली जातील. पकड दिसायला पकड, पण सांधा आडवा हलतो. अशा पेट्या भेट म्हणून खपतात, गृहप्रवेशाला.

त्याच मॉलच्या तळाशी मात्र परत आलेल्या वस्तूंची एक जाळीची टोपली असते, आणि तिच्याबद्दल माझी कसलीही तक्रार नाही. तिथे मला एक उत्तम पोलादी टेप मिळाली. वर चिकटपट्टीवर लिहिलेलं, ‘हुक सैल’. कुणीतरी घरी नेली, टोकाची पत्र्याची आकडी हलते असं बघितलं, आणि सदोष म्हणून परत केली. आता ती आकडी हलायलाच हवी. फळीच्या कडेला अडकवून टेप ओढली की आकडी बाहेर सरकते. कपाटाच्या आत, भिंतीला टेकवून माप घेतलं की आत सरकते. सरकते ती नेमकी स्वतःच्या पत्र्याच्या जाडीइतकी. त्यामुळे बाहेरून घेतलेलं माप आणि आतून घेतलेलं माप, दोन्ही खरी येतात. आकडी घट्ट बसवली असती तर दोहोंतलं एक कायम खोटं आलं असतं. त्या रिव्हेटांची छिद्रं मुद्दाम लांबट पाडलेली असतात. काउंटरवरच्या मुलीने सांगितलं, “मॅडम, डिफेक्टिव आहे, बदलून मिळणार नाही.” मी म्हटलं, चालेल.

पण खरा खजिना इंची पान्यांचा. दशमान पद्धतीचा कायदा १९५६ साली झाला, साठीच्या दशकाच्या सुरुवातीला बाजार मीटर-किलोवर आला आणि इंचाचे पाने हळूहळू मागच्या फळीवर गेले. त्यातही व्हिटवर्थचे पाने म्हणजे निव्वळ अनाथ. जोसेफ व्हिटवर्थ या इंग्रज इंजिनिअरने १८४१ मध्ये बोल्टच्या आट्यांचं एक माप ठरवून दिलं, तोवर जो तो कारखाना आपापल्या आट्या पाडत होता. त्याच्या पान्यावरचा आकडा जबड्याची रुंदी सांगत नाही, बोल्टच्या दांड्याची जाडी सांगतो. म्हणून पाव इंच लिहिलेल्या पान्याचा जबडा अर्ध्या इंचाहूनही मोठा निघतो, आणि नवखा माणूस तो ‘चुकीचा छापलाय’ म्हणून ठेवून देतो. मिलिमीटरमध्ये ती रुंदी १३.३ भरते. १३ चा पाना त्या नटावर चढत नाही. १४ चा चढतो, पण सैल, आणि जोर लावला की नटाचे कोपरे गोल करून मोकळा होतो.

असे नट आता कुठे असतात? जुन्या लेथवर, जुन्या पंपांवर, आणि जुन्या बुलेटवर. १९५५ मध्ये मद्रासला एन्फील्ड इंडिया उभी राहिली आणि इंग्लंडच्या गाडीबरोबर इंग्लंडचे नटही आले. आमच्या सोसायटीत एका निवृत्त काकांकडे अशी बुलेट आहे, आणि तिच्या प्रत्येक नटाचे कोपरे कुठल्या ना कुठल्या मेकॅनिकने १४ च्या पान्याने झिजवलेले आहेत. चाचांच्या खालच्या खणात मला तारेत ओवलेला व्हिटवर्थ पान्यांचा जुडगा सापडला. काळपट, घडीव, मधल्या दांड्यावर उठावदार अक्षरं, हातात घेतल्यावर वजन बरोबर मध्ये. चाचांनी तराजूकडे बघितलं. भंगाराच्या भावापेक्षा थोडे वर द्या म्हणाले. मी थोडे आणखी वर दिले, कारण लाज म्हणून काही असते. काकांनी त्याच संध्याकाळी टॅपेटच्या झाकणाचा नट उघडला, कसलाही आवाज न होता, कोपरा न सरकता. मग तो परत बसवला आणि पुन्हा उघडला, नुसताच.

खंडेनवमीला त्यांनी ते पाने पाटावर मांडले, झेंडूसकट. मला बोलावलं. पूजेला बुलेटही होती, अर्थात.

मग काका बोलले असणार, आणि बुलेटवाल्यांचं एकमेकांत फार बोलणं असतं. पुढच्या खेपेला बोहरी आळीत गेले तर चाचांच्या दुकानाच्या दर्शनी भागात, कोऱ्या पकडींच्या शेजारी, उरलेले व्हिटवर्थ पाने घासूनपुसून, तेल लावून, एकेक सुटा टांगलेला.

“काय चाचा, वर आले?”

“अरे ताई, दर रविवारी पोरं येतात. फोटो दाखवतात, हाच पाहिजे म्हणतात.” त्यांनी भाव सांगितला. जुडग्याला मी जे दिले होते, त्याहून एका पान्याचे जास्त.

“थोडं कमी?”

“याला कमी नाही. फिक्स.”

पोऱ्याने न सांगताच स्टूल पुढे केलं आणि खालचा खण ओढला. पान्यांची जागा रिकामी झाली होती, तिथे आता मागून काहीतरी पुढे घसरलं होतं: हाताने फिरवायचं लोखंडी ड्रिल, दाते उघडे, मुठीचं लाकूड कोरडं पडलेलं. विजेची ड्रिल मशीन आल्यापासून याला कोण विचारतंय. मी चाक फिरवलं. दाते अडखळले, मग सुटले आणि चक गरगरला. जबड्याची तिन्ही बोटं मध्यावर एकत्र मिटत होती.

चाचांनी माझ्याकडे बघितलं, ड्रिलकडे बघितलं आणि भाव सांगण्याआधी या वेळी जरा विचार केला.

“हे कोणती पोरं घेतात, ताई?”

“कुणीच नाही,” मी म्हटलं.

“मग बिटं वेगळी,” ते म्हणाले, “त्यांचे पैसे वेगळे.”